साक्षीदार हजर नाही

“दुखतंय म्हणाला की दुखतंय. पुढचं तू ठरवायचं नाही. आणि हातून झालं तेवढंच वहीत. व्हायला हवं होतं ते देवाला सांग, वहीला सांगू नकोस.”

हे मला मोठ्या बाईंनी सांगितलं, प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात, बेसिनवर वाकून कोपरापर्यंत हात धुताना. मोठ्या बाई केव्हाच गेल्या. मी तेव्हापासून रोजचे तीन नेम धरले आहेत. उठल्यावर एक माळ, दिवेलागणीला एक माळ, आणि या दोन्हींच्या मध्ये लिहिलेलं एक अक्षरही खोटं नाही. बोलताना माझ्याकडूनही इकडचं तिकडे होतं, माणूस आहे. लिहिताना बावीस वर्षांत झालेलं नाही. माझी नोकरी जायची वेळ आली ती या तिसऱ्या नेमामुळे.

आमच्या वॉर्डात मॉर्फिनचं कपाट दोन कुलुपांचं, आणि त्याची वही वेगळी. दहा मिलिग्रॅमची ॲम्प्युल, म्हणजे काचेची कुपी, फोडली आणि डॉक्टरांनी पाचच लिहून दिले असले, तर पाच पेशंटच्या दंडात जातात. उरलेले पाच बेसिनमध्ये ओतायचे, तेही दुसऱ्या सिस्टरच्या डोळ्यांदेखत. तिने पाहिलं म्हणून शेजारी सही करायची. नियम चांगला आहे. तीस पेशंटमागे दोन सिस्टर असताना ती दुसरी आणायची कुठून, एवढंच नियमात लिहायचं राहिलंय.

यावर वॉर्डाने आपला उपाय काढला होता. ड्यूटी संपताना चहा यायचा, चहाबरोबर वही यायची, आणि धाकटी, म्हणजे आमच्यातली सगळ्यांत नवी सिस्टर, बिस्किट बुडवता बुडवता खालून वर सह्या करत जायची. कोणी ओतलं, किती ओतलं, ओतलं की नाही, तिला पत्ता नसे. वही मात्र अशी देखणी की फ्रेम करून भिंतीला लावावी.

माझ्या ओळींवर मी तिला सही करू देत नसे.

“तू पाहिलंस का?”

“नाही, पण बाई, तुम्ही काय थोड्याच...”

“मग नको.”

पेशंटला सुई दिली की उरलेल्या औषधाची सिरिंज हातात धरून मी पंधरा मिनिटं थांबायचे. दोनदा हाक मारायचे. कुणी आलंच नाही तर एकटीने ओतायचे आणि सहीच्या जागी लिहायचे, साक्षीदार हजर नाही. तीन महिन्यांत एकेचाळीस वेळा लिहिलं, आणि सुवाच्य लिहिलं.

वॉर्डात मला माळवाली म्हणत. इन्चार्ज सिस्टर पाठीमागे म्हणायची, “नाकाने कांदे सोलते.” समोर आले की म्हणायची, “ही आमची देवमाणूस.” दुसरं ऐकलं की पहिलं काय म्हणाली असेल ते मला कळायचं.

व्यवस्थापक आमच्या मजल्यावर वर्षातून दोनदा येतो, नाकाला रुमाल लावून. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, हा उंटावर बसून शेळ्यांचा आलेख काढणारा. त्याने मला खाली बोलावलं तेव्हा पडद्यावर तोच आलेख होता. प्रत्येक सिस्टरचा एक खांब. बाकीच्यांचे गुडघ्याएवढे, माझा छताला टेकलेला.

“तुम्ही इतरांच्या तिप्पट मॉर्फिन काढता.”

“मी इतरांच्या तिप्पट वेळा बेलला उठते.”

“जरा मोठ्याने बोला.”

माझा आवाज लहान आहे. ज्याला ऐकायचं त्याने जवळ यावं, पेशंट येतात.

“आणि हे एकेचाळीस वेळा? अर्धी ॲम्प्युल गेली कुठे?”

“ओतली.”

“पुरावा?”

“नाही. म्हणून तर तसं लिहिलंय.”

त्याने इन्चार्जकडे पाहिलं. इन्चार्जने मान खाली घातली, जणू माझी लाज तिलाच वाटतेय. इतका सुंदर अभिनय आमच्या वॉर्डात वाया जात होता याचं मला वाईट वाटलं.

माझं रक्त तपासलं. काही निघालं नाही. तेव्हा म्हणाले, स्वतः घेत नाही म्हणजे बाहेर कुणाला देत असणार. रक्तात निघालं असतं तर चोर, नाही निघालं तर मोठी चोर. मला निलंबित केलं, वरून आणखी कागद रंगवून प्रकरण कौन्सिलकडे पाठवलं. कौन्सिल म्हणजे आम्हा सिस्टर लोकांची नोंदणी ठेवणारी परिषद. ती नोंदणी, ज्याला सगळे लायसन्स म्हणतात, ती रद्द झाली की मी जन्मात कुणाच्या दंडाला सुई लावू शकणार नव्हते. आणि सुनावणी होईपर्यंतही नाही, कारण तोवर कौन्सिलने नोंदणी गोठवली होती.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई हसल्या. “तू आणि चोरी? अगं, तू लिंबू चोरलंस तर रस पिळून झाडाला सांगायला जाशील.”

आमचे हे उठले. त्यांनी माझे ड्यूटीचे पांढरे बूट दाराजवळून उचलले, पुसले आणि कपाटाच्या तळाशी ठेवून दिले, गेलेल्या माणसाचे ठेवतात तसे. मला त्या आलेखापेक्षा ते जास्त लागलं.

चार दिवसांनी इन्चार्ज घरी आली. हातात फळांची पिशवी, अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. बढती झाल्यापासून तिला एसीच्या केबिनची सवय होती, आणि ती थंडी ती घरोघर मिरवत फिरते, असं मला वाटलं. बस म्हटलं तर बसली नाही. आमच्या खुर्च्या तिच्या पदाला लहान पडल्या असाव्यात. सगळं बोलणं तिने दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानेच केलं.

“वही उद्या कौन्सिलला जायचीय. आज अजून माझ्या टेबलात आहे,” ती म्हणाली. “धाकटीशी मी बोललेय. एकेचाळीस सह्या, दहा मिनिटांचं काम.”

“तिने पाहिलेलं नाही.”

“अगं, कोण बघतं? तू लिहिलेलं खोडायचं, खाली सही. मग तू शांतपणे राजीनामा दे. प्रकरण मिटेल, लायसन्स राहील. मी तुझ्यासाठी एवढं करतेय.”

“माझ्यासाठी?”

“मग काय माझ्यासाठी?” ती हसली, पण थोडी उशिरा.

मी म्हणाले, “माझी दिवेलागणीच्या माळेची वेळ झाली.” खरंच झाली होती. ती गेली. सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. “आवळा देऊन कोहळा काढायला आली होती. आणि आवळाही किडका.”

सुनावणीसाठी मी धरलेले वकीलसाहेब तरुण होते आणि सारखं पेन चावत. त्यांचा सल्लाही त्याच चालीचा. “घाईत सही घ्यायची राहून गेली, असं म्हणा. सगळे असंच म्हणतात. ताकीद देऊन सोडतात.”

“पण घाई नव्हती. मी पंधरा मिनिटं थांबायचे आणि मग सावकाश लिहायचे.”

“बाई,” त्यांनी पेन तोंडातून काढलं, “तुम्ही समोरच्या पक्षाच्या वकील आहात का?”

आता मास्तरांचं सांगायला हवं, कारण मला त्या नोंदणीच्या कागदाची निकड होती ती त्यांच्यासाठी. नोकरी काय, मी घरी बसून शिवणकामही केलं असतं.

मास्तर आमच्या वॉर्डात बेड नऊवर तीन महिने होते. भूगोल शिकवत. हाडांचा कर्करोग. चाळीस वर्षं त्यांनी रोज हवामानाची नोंद ठेवली होती, तापमान, ढग, वारा. वॉर्डात खिडकी लांब, आकाश दिसेना. म्हणून त्यांनी दुखण्याचाच वारा केला. शून्य म्हणजे चुलीचा धूर सरळ वर जातो. बारा म्हणजे घरांची छपरं उडतात.

मी बेलला गेले की ते म्हणायचे, “बाई, आज सात.” सुई देऊन अर्ध्या तासाने विचारलं की म्हणायचे, “दोन. पानं हलतायत फक्त.” आणि उशाशी असलेल्या छोट्या वहीत काहीतरी टिपायचे. मी कधी बघितलं नाही. पेशंटची वही पेशंटची.

उपचार थांबवून त्यांना घरी नेलं त्या दिवशी स्ट्रेचरवरून त्यांनी माझं मनगट धरलं. “शेवटी बाराचा वारा सुटेल. तेव्हा तुम्ही या. वॉर्डातल्या त्या दुसऱ्या नको. तुम्ही घड्याळाबरोबर येता.”

“येईन,” मी म्हणाले. मी शब्द सहसा देत नाही. दिला की तो चौथा नेम होतो.

सुनावणीला दहा दिवस असताना मी त्यांच्याकडे गेले, रिकाम्या हाताने, नुसती पाहुणी म्हणून. लेक दारात आली. डोळे सुजलेले. घरी येऊन सुई देणारी एक बाई ठरवली होती, ती अकराची दीडला येई, कधी येतच नसे. औषध घरात कुलुपात, डॉक्टरांची चिठ्ठी घरात, आणि द्यायला कुणी नाही. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं, नोंदणी असलेल्या परिचारिकेनेच द्यावे.

“बाई आल्या,” मास्तर म्हणाले. “आठ आहे. झाडाच्या फांद्या मोडतायत. द्या.”

माझे हात मांडीवर होते. बावीस वर्षांत ते इतके निरुपयोगी कधी झाले नव्हते.

“मला देता येत नाही, मास्तर.” आणि मी सगळं सांगितलं. आलेख, वही, एकेचाळीस.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, ग्लानी आली. मग म्हणाले, “कुठले तीन महिने?”

मी सांगितलं.

“मग त्या तीन महिन्यांची हवा माझ्याकडे आहे.” त्यांनी लेकीला खूण केली. “कपाटातली निळी वही दे त्यांना. बाई, बाण म्हणजे मी बेल वाजवली. आकडा म्हणजे वारा. टिंब म्हणजे सुई टोचली. टिंब मी उगाच देत नाही.”

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या टेबलावर एका बाजूला रुग्णालयाच्या वहीच्या प्रती ठेवल्या, दुसऱ्या बाजूला निळी वही. माझ्या ड्यूटीत जिथे मी बेड नऊला सुई लिहिली तिथे मास्तरांचं टिंब होतं, एकही चुकलेलं नाही. इन्चार्जच्या ड्यूटीत बेड नऊला मॉर्फिन दिल्याच्या सव्वीस नोंदी होत्या, सव्वीस ठिकाणी धाकटीची गोल गोल सही. निळ्या वहीत त्या सव्वीस वेळांना बाण होते. आकडे होते, सहा, आठ, नऊ. टिंब एकही नव्हतं. दोन-तीन ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलेलं, साधी गोळी दिली. म्हणाल्या, आत्ताच तर सुई दिलीय.

वकीलसाहेबांचं पेन चावायचं थांबलं. “बाई, हे काय आहे?”

“हवामान,” मी म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. आपण स्वतःच त्यातला संन्यासी आहोत हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. आणि चोराला ओळखायची खूण तर समोर उघडी पडली होती. त्याच्या वहीत एकही सही चुकत नाही. बिनसहीच्या ओळी आमच्यासारख्या मूर्खांच्या.

सुनावणीची खोली लांबट होती. पाण्याच्या ग्लासांवर झाकणं, झाकणांवर धूळ. टेबलापलीकडे तिघं. मधल्या अध्यक्षबाई पूर्वी सिस्टर असाव्यात, कारण त्यांची नखं मुळापासून कापलेली होती. बाकीच्या दोघांनी आयुष्यात कुणाचा दंड धरला नसावा.

व्यवस्थापकाने आलेख लावला. खांबाखांबाने समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, “आमच्या संस्थेत प्रत्येक गोष्टीची नोंद मिनिटामिनिटाची आहे. जनरेटर कधी लागला, कधी बंद झाला, तेसुद्धा.” यावर त्याने टाळ्यांसाठी थांबावं तसं थांबून घेतलं.

मग इन्चार्ज. इस्त्रीचा पोशाख, वर तोच स्वेटर. उभ्यानेच साक्ष दिली, बसायला सांगूनही. “मनाने वाईट नाही हो. देवभोळी आहे. पण गोगलगाय आणि पोटात पाय, काय सांगावं माणसाचं.”

“तुम्ही वरिष्ठ म्हणून या बिनसहीच्या नोंदींवर कधी बोलला नाहीत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मी सांभाळून घेत होते.”

धाकटीला बोलावलं. ती बिचारी रुमालाचा बोळा करत उभी राहिली.

“या एकेचाळीस ठिकाणी तुझी सही का नाही?”

“बाईंनी करू दिली नाही.”

“का?”

“मी पाहिलं नव्हतं म्हणून.”

“आणि बाकी सगळीकडे आहे. तिथे पाहिलं होतंस?”

धाकटीने इन्चार्जकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खाली बघत होते. तिला डोळ्यांनी ढकलायचं नाही, हे मी सकाळच्या माळेलाच ठरवलं होतं.

“चहाच्या वेळी करते,” ती म्हणाली.

“काय करतेस?”

“सह्या. सगळ्या एकदम. खालून वर.”

खोलीत कुणीतरी ग्लासवरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं. व्यवस्थापक आलेखाकडे बघत होता. खांब आपल्या जागेवर होते, पण त्याला आता ते कशावर उभे आहेत ते दिसू लागलं असावं. तेवढी नजर त्याला असली तर.

वकीलसाहेबांनी निळी वही पुढे केली. खुणा समजावल्या, सव्वीस नोंदी एकेक करून वाचल्या. रुग्णालयाचा वकील आरामात हसला. “म्हणजे हे मॉर्फिनवर असलेल्या माणसाचं बाड. त्याला दिवस-रात्र तरी कळत होते का, हा प्रश्न आहे.”

“सतरा तारीख,” आमचे वकील म्हणाले. “रुग्णालयाच्या वहीत चार वीसला बेड नऊला सुई. मास्तरांच्या वहीत लिहिलंय, पंखा बंद चार बारा, सुरू चार एकतीस. मध्ये बाण दोन, वारा आठ, कुणी आलं नाही.” त्यांनी व्यवस्थापकाकडे बघून मान तिरकी केली. “वॉर्डाचे पंखे जनरेटरवर नाहीत, वीज गेली की बंद. जनरेटरची नोंद आहे म्हणालात ना?”

व्यवस्थापकाने जनरेटरच्या खोलीत फोन लावला. अध्यक्षबाईंनी तो टेबलावर ठेवून मोठ्याने बोलायला लावला. पलीकडचा माणूस जेवता जेवता बोलत असावा. “सतरा... सतरा... हां. वीज गेली चार बारा. आली चार तीस.”

“एका मिनिटाचा फरक आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मास्तरांचं घड्याळ पुढे, की तुमचं मागे?”

कुणी हसलं नाही. मी आतल्या आत हसले आणि त्याची माफी दिवेलागणीला मागायची ठरवली.

शेवटी त्यांनी मला विचारलं, “उरलेलं औषध तुम्ही ओतलंत याचा तुमच्याकडे खरोखर काही पुरावा नाही?”

“नाही.”

“सह्या करून देतो असं कुणी म्हणालं होतं?”

“म्हणालं होतं. वही तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी.”

“कोण?”

मी नाव घेतलं. तसाही इन्चार्जचा चेहरा माझ्याआधीच बोलून गेला होता. खाई त्याला खवखवे.

त्यांनी आम्हाला चाळीस मिनिटं बाहेर बसवलं. मग निकाल वाचला. औषध बाहेर वळवल्याचा आरोप सिद्ध होत नाही. निलंबन आजपासून उठवलं, नोंदणी कायम. बेड नऊच्या सव्वीस नोंदींची वेगळी चौकशी, कपाटाच्या किल्ल्या आजच काढून घ्याव्यात. मात्र मी दर वेळी साक्षीदार नसल्याचं वरिष्ठांना लेखी कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही, म्हणून मला ताकीद.

“काही म्हणायचंय?”

“वरिष्ठ म्हणजे इन्चार्जच ना?”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. “हो.”

“मग काही नाही,” मी म्हणाले. ताकीद घेतली. न्याय हा असाच मिळतो, एका कोपऱ्याला डाग पाडून, म्हणजे देणाऱ्यालाही चुकल्यासारखं वाटू नये.

बाहेर पॅसेजमध्ये इन्चार्ज खिडकीच्या गजाला धरून उभी होती. बाक रिकामा असूनही. उन्हाची तिरीप थेट तिच्या चेहऱ्यावर होती आणि मी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मॉर्फिनची ही खूण ऊन कमी झाल्यावरही तशीच राहते हे मी शिकाऊ मुलींना दर वर्षी शिकवते. हजार पेशंटच्या डोळ्यांत मी टॉर्च मारलाय. हिच्याशी सहा वर्षं रोज बोलले, पण नजर तिच्या स्वेटरच्या पुढे नेली नाही. ज्याला आपण तुच्छ मानतो त्याला आपण तपासतही नाही. बावीस वर्षं नोकरी केलेली सिस्टर मी, आणि माझ्या समोर उकाड्यात हात झाकून फिरणारी बाई मला मिजासखोर वाटली.

“झालं समाधान?” ती म्हणाली.

मी तिच्या स्वेटरच्या बाह्यांकडे पाहिलं.

“पाठ आहे गं माझी. सहा वर्षांपूर्वी एक धिप्पाड पेशंट उचलताना गेली ती गेलीच. बसता येत नाही. तुला काय कळणार?”

“सांगायचं होतं.”

“कुणाला? तुला? तू माळ पुढे केली असतीस.”

खरंच केली असती. ते जिव्हारी लागलं. मोठ्या बाई बेसिनवर वाकलेल्या दिसल्या, कोपरापर्यंत फेस. दुखतंय म्हणाला की दुखतंय. त्यांनी चोराला त्यातून वगळलं नव्हतं, तेवढी सोय माझी मी करून घेतली होती. पण मला निळ्या वहीतले बाणही दिसत होते, एकाखाली एक.

“दुखतंय तर दुखतंय,” मी म्हणाले. “बेड नऊलाही दुखत होतं. तो बेल वाजवत होता आणि तुम्ही कपाटाशी होतात.”

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

“आता किल्ल्या नाहीत. उद्यापासून अंग तुटायला लागेल, घाम येईल, पोट बिघडेल. एकट्या राहू नका. डॉक्टरकडे जा आणि किती घेत होतात तो आकडा खरा सांगा. खोटा सांगितलात तर औषध चुकीचं देतील.”

मी हे पेशंटशी बोलते त्या आवाजात सांगितलं. त्यात माया नव्हती. माया आणायचा मी प्रयत्न करून पाहिला, आली नाही.

“आली देवमाणूस,” ती गजाशीच पुटपुटली. पण तिने आकडा हा शब्द ओठांनी परत म्हटलेला मला दिसला.

फाटकाशी आमचे हे उभे होते. हातात कापडी पिशवी. निकाल काय लागला ते त्यांनी विचारलं नाही, माझ्या चालण्यावरून कळलं असावं. पिशवीत माझे पांढरे बूट होते.

“हे कधी काढलेत?”

“आईने सकाळीच काढायला लावले. म्हणाली, लिंबूवाली सुटणार.”

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांची लेक. “बाई, बाबा अकरा म्हणतायत. दुपारपासून. त्या बाई म्हणाल्या, उद्या बघू.”

“औषध आहे ना घरात? चिठ्ठी?”

“आहे. पण देणार कोण?”

“डॉक्टरांना फोन करून सांगा की आज मी देतेय. आणि एक ऐका. उरलेलं ओतताना तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं. डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची. रडू आलं तरी बघायचं.”

“बघेन.”

मी फाटकाच्या पायरीवर बसून चपला काढल्या आणि बूट घातले. नाडीला गाठ मारली, दुसरी मारली. दिवेलागणीची वेळ होत आली होती. माळ पिशवीच्या तळाशी होती, ती वर काढून मी खिशात ठेवली, बसमध्ये ओढता येईल म्हणून. कौन्सिलचं पत्र चौघडी करून तिच्या शेजारी ठेवलं. खांद्याशी घड्याळ टाचलं. सहा वाजून दहा मिनिटं.

“मी तुमच्याबरोबर येत नाहीये,” मी ह्यांना म्हणाले.

“माहीत आहे,” ते म्हणाले आणि माझ्या चपला पिशवीत भरल्या.

मी बसथांब्याकडे चालू लागले.